एमपीएच करायचंय? मग शेवटाकडून सुरुवात करा

"एमपीएच चांगलं आहे का?" असं विचारणारे दर वर्षी निकालाच्या सुमारास भेटतातच. बीएएमएस, बीडीएस, बीपीटी, बीएस्सी नर्सिंग, होमिओपॅथी, कधी एमएसडब्ल्यू तर कधी चक्क स्टॅटिस्टिक्सवाले. खरं सांगायचं तर हा प्रश्नच अर्धा आहे. कशासाठी चांगलं? दोन वर्षांनी सकाळी उठून तुम्ही नक्की कुठलं काम करणार आहात हे ज्याला थोडंफार माहितीये त्याच्यासाठी हा कोर्स फार छान आहे, आणि नीट पीजीत नंबर नाही लागला म्हणून कुठेतरी मास्टर्स करून टाकू असं म्हणणाऱ्यासाठी तो बऱ्यापैकी महागडा वेळकाढूपणा ठरू शकतो. म्हणून हा लेख कॉलेजच्या यादीपासून सुरू होत नाही. आधी काम बघू, मग शाखा, मग संस्था, मग परीक्षा.

त्याआधी, हे काय नाही ते

एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा. यातून पेशंट तपासायचा कुठलाही नवीन अधिकार मिळत नाही. बीएएमएस असाल तर बीएएमएसचा जो परवाना आहे तोच राहतो, त्यात काही भर पडत नाही. बीएस्सी करून आलेला माणूस एमपीएच झाल्यावर नावापुढे डॉक्टर लावू शकत नाही (पीएचडी केली तर लावेल, ती वेगळी गोष्ट). आणि हा एमडी कम्युनिटी मेडिसिन नाही, लोक ज्याला अजूनही पीएसएम म्हणतात तो. त्याला एमबीबीएस लागतं, नीट पीजी लागते, आणि मेडिकल कॉलेजात त्या विभागात शिक्षक व्हायचं असेल तर साधारण तोच रस्ता. एमबीबीएसवाल्यांनी हे नीट तोलून बघावं, कारण त्यांना दोन्ही दारं उघडी असतात, बाकीच्यांना एकच.

मग हे आहे काय? पावसाळ्यात एखाद्या वाडीवर जुलाब-उलट्यांचे वीस पेशंट निघाले. डॉक्टर सलाईन लावतो, ते त्याचं काम. पण विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शेवटची कधी टाकली, पाण्याची ओटी टेस्ट (क्लोरीन आहे का ते बघायची) कोणी केली, पाइपलाइन गटारीतून जाते का, आजारी पडलेले सगळे एकाच नळाचं पाणी पितात का, आणि शेजारच्या वाडीत का कोणी आजारी नाही, हे विचारणारा माणूस लागतो. तो माणूस घडवायचा हा कोर्स. आपल्याकडे हे काही परदेशातून कालपरवा आलेलं खूळ नाही. १८९६-९७ च्या प्लेगने पुण्या-मुंबईची जी दाणादाण उडवली त्यातूनच साथरोग कायदा आला, तोच कायदा २०२० मध्ये कोविडला काढून वापरला. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईतच तयार केली. म्हणजे आपल्या घरचाच विषय आहे, फक्त करिअर म्हणून त्याकडे बघायची सवय नाही.

पायरी १: आधी नोकरीच्या जाहिराती वाचा

हो, ॲडमिशनच्या आधी. दोन-तीन आठवडे रोज थोडा वेळ काढा आणि पब्लिक हेल्थच्या पंधरा-वीस जाहिराती खऱ्याखुऱ्या वाचून काढा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हा पातळीवरच्या भरती (जिल्हा परिषदेच्या वेबसाइटवर येतात), महानगरपालिकांच्या, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) प्रोजेक्टच्या जागा, आणि संस्था-एनजीओंच्या जागांसाठी डेव्हनेट सारख्या साइट्स. वहीत चार रकाने करा: पदाचं नाव, शिक्षण काय मागितलंय, कुठलं कौशल्य मागितलंय, पगार किती. पगार बऱ्याचदा जाहिरातीतच छापलेला असतो त्यामुळे कोणाला विचारत बसायची गरज नाही, आणि ऐकीव आकड्यांपेक्षा तो बराच खरा असतो.

हे केलं की काही गोष्टी आपोआप दिसायला लागतात. एक, कित्येक पदांना "एमबीबीएस किंवा आयुष पदवी आणि एमपीएच" असं लिहिलेलं असतं, म्हणजे मूळ पदवी काय आहे याला इथे अजून खूप वजन आहे आणि बीएस्सी-बीकॉमवाल्याला त्या जागा बंद आहेत. दोन, जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, एम अँड ई (देखरेख आणि मूल्यमापन) ऑफिसर, साथरोगतज्ज्ञ, डेटा मॅनेजर, रिसर्च असोसिएट ही पदं वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांसाठी आहेत. कार्यक्रम व्यवस्थापकाचा दिवस मीटिंग, निधीचा खर्च, आशाताईंचे मानधन, आणि व्हिडिओ कॉन्फरन्स यात जातो. रिसर्चवाल्याचा एक्सेल, मुलाखती आणि रिपोर्ट यात. ज्याला आकडे बघून झोप येते त्याने एपिडेमिऑलॉजी घेऊ नये आणि ज्याला सरकारी फायलीचा संताप येतो त्याने जिल्ह्याच्या नोकरीचं स्वप्न बघू नये, इतकं साधं आहे. तीन, सरकारी कार्यक्रमातल्या बहुतेक जागा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या. पुढे नूतनीकरण होत राहतं पण कायम नोकरी म्हणून घरच्यांना सांगू नका, नंतर तुम्हालाच उत्तरं द्यावी लागतील.

पायरी २: कुठली शाखा

जगभर या शिक्षणाचे पाच खांब मानतात: साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य धोरण व व्यवस्थापन, पर्यावरणीय आरोग्य, आणि सामाजिक-वर्तनशास्त्र. प्रत्येक कोर्समध्ये पाचही थोडे थोडे असतात, पण झुकाव वेगळा असतो आणि तो झुकावच पुढे तुमची ओळख बनतो.

आकडे आणि साथी यात रस असेल तर एपिडेमिऑलॉजी. "लोक आजारी का पडतात" पेक्षा "हेच लोक का आजारी पडतात" हा प्रश्न सतावत असेल तर सोशल एपिडेमिऑलॉजी. उदाहरण द्यायचं तर २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशन्सचा विषय गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. आता हा प्रश्न नुसता गायनॅकचा नाही. पाळीत सुट्टी घेतली तर मुकादम पैसे कापतो, फडावर संडास नाही, पाणी नाही, लग्न लवकर झालेलं, खाजगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, आणि सरकारी दवाखाना लांब. हे सगळं एका चौकटीत मांडून मोजायचं कसं, ते ही शाखा शिकवते. पैशाच्या बाजूने विचार करणाऱ्यांसाठी हेल्थ इकॉनॉमिक्स आणि फायनान्स. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. हा आकडा खरंच इतका उतरला का, कशामुळे, आणि मोजला कसा, यावर तासन् तास भांडणारी मंडळी या शाखेत भेटतात.

हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन मात्र वेगळं आहे, ते पब्लिक हेल्थ नाही. मोठ्या खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन्स, बिलिंग, क्वालिटी असं काम हवं असेल तर सरळ एमएचए किंवा हॉस्पिटलचं एमबीए करा, पुण्या-मुंबईत भरपूर पर्याय आहेत. एमपीएच करून तिकडे जायचा प्रयत्न करणारे बरेच जण दोन्हीकडून अडकतात.

पायरी ३: संस्था

इथे लांबलचक यादी देत नाही, गुगलवर मिळेल. ज्यांचा स्वभाव वेगवेगळा आहे अशा काहींबद्दल सांगतो.

मुंबईत देवनारला टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथे सोशल एपिडेमिऑलॉजीचा एमपीएच आहे, धोरण-अर्थकारण-वित्त असा दुसरा आहे, आणि हॉस्पिटलचा एमएचए वेगळा. समाजशास्त्राचा पाया पक्का, फील्डवर्क भरपूर, आणि वर्गात डेंटिस्ट, नर्स, इकॉनॉमिक्सचा पोरगा, गावात काम केलेली ताई असे सगळे एकत्र. तिथून जवळच आयआयपीएस, म्हणजे १९५६ मध्ये लोकसंख्याशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी सुरू झालेली संस्था. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षण, ज्याला सगळे एनएफएचएस म्हणतात, त्याच्या फेऱ्या हीच संस्था करत आली. आकडेमोड, सर्वे, डेमोग्राफी हे ज्यांना आवडतं त्यांनी एमपीएचच्या नावाचा हट्ट सोडून तिथले बायोस्टॅटिस्टिक्स-डेमोग्राफी, पॉप्युलेशन स्टडीज असे कोर्स जरूर बघावेत. माझ्या मते महाराष्ट्रातल्या गणित-स्टॅट्सवाल्या पोरांना हा पर्याय कोणी सांगतच नाही, आणि नंतर याच लोकांची सगळ्यात जास्त मागणी असते.

महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर. श्री चित्रा तिरुनाल संस्थेचा भाग आहे, एमपीएच १९९७ पासून चालू आहे, म्हणजे देशात हा कोर्स रुजवणाऱ्यांपैकी. त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, बाकीच्यांसारखं जून-जुलैत नाही, त्यामुळे जाहिरात वेगळ्याच महिन्यात येते आणि कित्येकांची नुसती तारीख हुकते. दिल्लीत जेएनयूचं सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ सेंटर, तिथे राजकारण-अर्थकारणाच्या नजरेतून आरोग्य शिकवतात. चंदीगडला पीजीआय. कोलकात्याला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन, १९३२ चं, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने उभं राहिलेलं. चेन्नईचं आयसीएमआरचं साथरोगशास्त्र संस्थान, तिथलं शिक्षण मुख्यतः सरकारी सेवेतल्या, अनुभवी डॉक्टरांना समोर ठेवून आखलेलं आहे. आणि २००६ मध्ये स्थापन झालेल्या पीएचएफआयच्या (पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया) आयआयपीएच नावाच्या संस्था, गांधीनगर, हैदराबाद, दिल्ली, भुवनेश्वर, शिलाँग. गांधीनगर आपल्याकडच्या पोरांना ट्रेनने सोयीचं पडतं हा ज्याने त्याने विचारात घ्यायचा मुद्दा.

खाजगी विद्यापीठात घ्यायचं असेल तर विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते स्वतः बघा, एजंटच्या फोनवर विश्वास नको. ऑनलाइन आणि दूरस्थ कोर्सबाबत तर डबल काळजी घ्या, कारण २०२५ पासून यूजीसीने आरोग्याशी जोडलेले बरेच कोर्स दूरस्थ पद्धतीने द्यायला मनाई केलीये. पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर तो कोर्स, ते विद्यापीठ, ते वर्ष, तिन्ही तपासा.

पायरी ४: कॉलेजला विचारायचे प्रश्न

इमारत, वायफाय आणि कॅन्टीन यातलं काही विचारू नका. सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कोणाचा तरी नंबर मिळवा (लिंक्डइनवर मिळतात, बहुतेक जण बोलतात) आणि हे विचारा.

फील्डवर्क किती आठवडे, आणि कुठे? स्वतःचं फील्ड आहे की दर वेळी एखाद्या एनजीओला फोन करून पोरं पाठवतात? कोलकात्याच्या संस्थेचं सिंगूरला, पुण्याच्या केईएम रिसर्च सेंटरचं वढूला जसं वर्षानुवर्षं गावांशी नातं आहे तसं असेल तर शिकायला जे मिळतं ते चार भिंतीत मिळत नाही. थेसिसचा गाइड एकट्याने किती विद्यार्थी बघतो? वीस असतील तर तुमचा ड्राफ्ट कोणी वाचणार नाही, लिहून ठेवा. कोर्स संपल्यावर मागची बॅच नक्की कुठल्या पदावर गेली? "हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट" हे उत्तर नाही, पदांची नावं पाहिजेत. आर किंवा स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअर हाताने चालवायला शिकवतात की स्लाइडवर दाखवतात? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो मला, कारण नोकरीच्या मुलाखतीत कोणी डेटा फाइल समोर ठेवली की स्लाइड बघितलेला आणि हाताने केलेला यातला फरक दोन मिनिटांत कळतो.

पायरी ५: प्रवेश परीक्षा आणि मुलाखत

टिस, जेएनयू अशांसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक परीक्षा, जी एनटीए घेते, आणि त्यापुढे संस्थेप्रमाणे मुलाखत वगैरे टप्पा. काही संस्था स्वतःची परीक्षा घेतात. दर वर्षी काहीतरी बदलतं त्यामुळे गेल्या वर्षीच्या यूट्यूब व्हिडिओवर न जाता त्या वर्षीचं माहितीपत्रक पूर्ण वाचा, पात्रतेचं पान तर दोनदा. कुठे कुठलीही पदवी चालते, कुठे आरोग्याशी संबंधितच लागते, कुठे अनुभवाची अट असते.

तयारीत सगळ्यात जास्त लोक घाबरतात ते गणिताला. घाबरू नका, दहावीचं शेकडेवारीचं गणित येत असेल तर सुरुवात होते. हे बघा, उदाहरणासाठी एक लग्न घेऊ. १५० माणसं जेवली. १०० जणांनी बासुंदी खाल्ली, त्यातले ४० आजारी. ५० जणांनी नाही खाल्ली, त्यातले ५ आजारी. खाल्लेल्यांत ४० टक्के, न खाल्लेल्यांत १० टक्के, म्हणजे बासुंदी खाणाऱ्यांना चौपट धोका. याला रिलेटिव्ह रिस्क म्हणतात, झालं. पण आता खरी गंमत. प्रत्यक्षात वऱ्हाडाची पूर्ण यादी तुम्हाला कधीच मिळत नाही, लोक गावोगावी पांगलेले असतात, मग तुम्ही आजारी लोक शोधता, जोडीला धडधाकट लोक शोधता, आणि दोघांना विचारता काय खाल्लं. त्यात ऑड्स रेशो निघतो. वरच्याच आकड्यांवर तो काढून बघा: (४० गुणिले ४५) भागिले (६० गुणिले ५), म्हणजे सहा. यात ६० म्हणजे बासुंदी खाऊनही धडधाकट राहिलेले आणि ४५ म्हणजे न खाता धडधाकट राहिलेले. एकच लग्न, एकच बासुंदी, एकाने चार आले आणि दुसऱ्याने सहा. का? कारण आजार दुर्मिळ नव्हता, १५० तले ४५ आजारी पडले होते. आजार दुर्मिळ असला की दोन्ही आकडे जवळ येतात. आणि ज्यांनी बासुंदी खाल्ली त्यांनीच पनीरही खाल्लं असेल तर दोष कोणाचा? हे तुम्हाला मजेशीर वाटलं असेल तर एपिडेमिऑलॉजी तुमचा विषय आहे. डोकं दुखलं असेल तर पायरी २ पुन्हा वाचा, राग मानू नका.

फुकटात तयारी करायची तर चेन्नईच्या त्याच आयसीएमआर संस्थेचे आरोग्य संशोधनावरचे ऑनलाइन कोर्स स्वयम-एनपीटीईएलवर येतात, छोटे व्हिडिओ असतात, इंग्रजी सोपं आहे.

मुलाखतीत पाठांतर चालत नाही. आपल्या राज्याचे मोजके आकडे आणि त्यामागचं "का" एवढं तयार ठेवा. एनएफएचएसच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. त्याआधीच्या फेरीत ३४.४ होती. म्हणजे पाचेक वर्षांत सुधारणा नाहीच. उलट हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आतले बालमृत्यू २३ च्या आसपास, देशाच्या ३५ पेक्षा बराच कमी, पण केरळच्या ४.४ च्या कुठेच जवळ नाही. आता समोरचे मॅडम विचारणार, श्रीमंत राज्य, दवाखाने आहेत, मुलं जगतायत पण वाढत का नाहीत? इथे "जागरूकतेचा अभाव" असं उत्तर दिलंत की संपलं. हे उत्तर प्रत्येक जण देतो आणि त्यात सगळा दोष आईवर जातो. आईचं स्वतःचं वजन आणि ॲनिमिया, लग्नाचं वय, दोन मुलांतलं अंतर, पाणी-संडास, अंगणवाडीत प्रत्यक्षात काय मिळतं, स्थलांतर, असं थरांनी बोला. मेळघाट-नंदुरबारचं नाव घेणार असाल तर तिथल्या एका तरी योजनेबद्दल नीट माहिती असू द्या, उदाहरणार्थ ग्राम बाल विकास केंद्रात मूल किती दिवस ठेवतात आणि काय देतात.

एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन) लिहायला सांगतात तेव्हा "लहानपणापासून समाजसेवेची आवड" हे वाक्य खोडून टाका. तुम्ही पाहिलेली एक अडचण लिहा, ती किती लोकांना आहे, तुम्हाला ती समजायला आत्ता काय कमी पडतंय, आणि या कोर्समधला कुठला भाग ते भरून काढेल. बस. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांना एक, हा निकष आहे) किंवा चांगल्या संस्थेत काही महिने काम करून मग अर्ज केलात तर हे लिहायला सोपं जातं. जामखेडला आरोळे दाम्पत्याने १९७० पासून उभं केलेलं काम आहे, गडचिरोलीला बंग दाम्पत्याचं सर्च आहे. सर्चचा नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, ३९ गावांत घरोघरी काळजी आणि ४७ गावं तुलनेसाठी, आणि नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला. तो पेपर शोधून वाचा. गावातल्या साध्या बायकांनी केलेलं काम आणि कडक शास्त्रीय पद्धत दोन्ही एकाच ठिकाणी बघायला मिळतं, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्याचं मूळही तिथेच सापडतं.

पायरी ६: पैसा

सरकारी आणि खाजगी संस्थांच्या फीमध्ये कित्येक पटींचा फरक आहे, त्यामुळे आधी सरकारी. राखीव प्रवर्गातल्यांनी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या बघाव्यात आणि संस्था राज्याबाहेरची असेल तर कुठली योजना तिथे लागू होते ते प्रवेशाआधी समाजकल्याणच्या ऑफिसात विचारून घ्यावं. जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर हे सगळं मे महिन्यात काढायला गेलात तर सेतू केंद्रात जी गर्दी असते ती असते. डिसेंबर-जानेवारीतच उरकून घ्या, फक्त ज्या दाखल्यांना आर्थिक वर्षाची मुदत असते ते एप्रिलनंतर परत काढावे लागतील.

परदेशाचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये मास्टर्स एक वर्षाचं, अमेरिकेत साधारण दोन वर्षांचं आणि बरंच महाग, राहण्याखाण्यासकट पन्नास लाखांच्या पुढे सहज जातं. अमेरिकेत सीईपीएच या संस्थेची मान्यता आहे का ते बघायचं, अर्ज बहुतेक सोफास या एकाच पोर्टलवरून, आणि जीआरई आता बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत. एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट, एपिडेमिऑलॉजी-बायोस्टॅट्सचे कोर्स तिथे बऱ्याच विद्यापीठांत स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) धरतात, साधा जनरल एमपीएच कित्येकदा धरत नाहीत, आणि शिकून झाल्यावर तिथे काम करायला किती काळ मिळतो ते यावर ठरतं. कर्ज काढून जाणाऱ्याने हे आधी विचारायलाच हवं. शिष्यवृत्तीत ब्रिटनच्या शेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर मायदेशी परतायची अट आहे, कॉमनवेल्थ आहे, जर्मनीची डीएएडी आहे, आणि आपल्या राज्याची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. माझं मत विचाराल तर इथल्या आरोग्यव्यवस्थेत काम करायचं असेल तर कर्ज काढून परदेशी एमपीएच करू नका. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा.

पायरी ७: दोन वर्षांत काय करायचं

पहिली सेमिस्टर सगळ्यांचीच धडपडीत जाते. डॉक्टर मंडळींना समाजशास्त्राचे पेपर वाचताना घाम फुटतो, समाजशास्त्रवाल्यांना पी व्हॅल्यू बघून. एकमेकांना शिकवा, हाच सगळ्यात स्वस्त क्लास. आर शिकायला पहिल्याच महिन्यात घ्या, फुकट आहे. नकाशांसाठी क्यूजीआयएस, मोबाइलवर सर्वेसाठी कोबो, संदर्भांसाठी झोटेरो, हेही फुकट. एनएफएचएसचा कच्चा डेटासुद्धा नाव नोंदवून, विषय लिहून मागितला की संशोधनासाठी मोफत मिळतो, तो उतरवून घ्या आणि आपल्या जिल्ह्याचं एक तरी टेबल स्वतः काढून बघा. छापील रिपोर्टमधला आकडा आणि तुमचा आकडा जुळला की जो आनंद होतो तो सांगून कळणार नाही, आणि नाही जुळला तर वेट (सर्वेतल्या प्रत्येक घराला द्यायचं सांख्यिकी वजन) लावायचं राहिलंय हे समजा.

थेसिसचा विषय छोटा घ्या. "महाराष्ट्रातील कुपोषण" हा विषय नाही, तो आयुष्यभराचा धंदा आहे. एका तालुक्यातल्या गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या हातात मिळतात पण खाल्ल्या का जात नाहीत, हा विषय आहे. आणि वेळेचं गणित उलटं मांडा. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही माणसाला प्रश्न विचारता येत नाही, कमिटी रोज बसत नाही, बसली की दुरुस्त्या सांगते. संमतीपत्र मराठीत लागतं, आणि ते ऑफिसच्या मराठीत नको, वाचून दाखवल्यावर समोरच्या आजीला कळलं पाहिजे. शिवाय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं, ते डीएचओ ऑफिसातून टीएचओकडे (तालुका आरोग्य अधिकारी), तिथून पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्र) जातं, आणि मध्ये लसीकरण मोहीम किंवा निवडणूक आली की सगळं पंधरा दिवस पुढे.

फील्डमध्ये कधी जायचं तेही बघा. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत ऑक्टोबरनंतर गेलात तर म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील, तुमच्या सॅम्पलमधली तरुण घरं सगळी फडावर. कोकणात लावणीच्या दिवसांत दुपारी कोणी बोलणार नाही. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जा.

प्रश्नावली पुस्तकातून जशीच्या तशी उचलू नका. "मासिक उत्पन्न किती" ला खरं उत्तर मिळत नाही, रेशन कार्ड पिवळं की केशरी विचारा, जमीन किती आणि पाण्याखालची किती विचारा. वयाचा प्रश्न जुन्या लोकांना थेट विचारून उपयोग नाही, लातूर-धाराशिवकडे "किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा केवढ्या होता तुम्ही" असं विचारलं की १९९३ वरून हिशोब लागतो. पाळी, गर्भपात, नवऱ्याची दारू असले प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारायचेच नाहीत, त्यासाठी आशाताईंना सांगून आधी जागा ठरवा. पण आशाताई सोबत बसून राहिल्या तर "आशा घरी येते का" या प्रश्नाला शंभर टक्के हो येणार, हेही लक्षात ठेवा. पहिली दहा-बारा घरं नुसती तालमीसाठी ठेवा, ती डेटात धरू नका. आणि रोज संध्याकाळी फॉर्म तपासा, आठवड्याने तपासलेत तर रिकामे रकाने भरायला परत त्याच वाडीवर चालत जावं लागेल.

आशाताई, सिस्टर, गटप्रवर्तक यांच्याशी नीट वागा हे सांगायची खरं तर गरज नसावी, पण आहे. त्यांच्याकडे आधीच ढीगभर रजिस्टरं आहेत आणि तुम्ही अजून एक फॉर्म घेऊन आला आहात.

पायरी ८: नोकरी

शेवटच्या सहा महिन्यांत पायरी १ ची वही परत काढा. आता त्यातल्या किती जाहिरातींना तुम्ही बसता ते मोजा, आणि जे कौशल्य सारखं सारखं मागितलंय आणि तुम्हाला येत नाही ते उरलेल्या वेळात शिका. मुख्यमंत्री फेलोशिपसारख्या संधींना वयाची अट असते, सव्विसाव्या वर्षापर्यंतच, त्यामुळे बीएएमएस वगैरे करून आलेल्यांनी आधीच हिशोब करावा. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पाठी पहिल्याच दिवशी लागण्यापेक्षा एक-दोन वर्षं जिल्ह्यात किंवा फील्डवरच्या संशोधनात काढलेली पुढे जास्त कामाला येतात, कारण दिल्लीच्या ऑफिसात बसून उपकेंद्र कसं चालतं हे कळत नाही आणि मुलाखत घेणाऱ्यांना ते माहीत असतं.

सीव्ही दोन पानांचा. त्यात "टीम प्लेयर" नको, काय केलं ते लिहा: किती घरांचा सर्वे, कुठल्या सॉफ्टवेअरवर विश्लेषण, कुठला रिपोर्ट. करारावर सही करण्याआधी प्रवासभत्ता वेगळा मिळणार का, पीएफ आहे का, नूतनीकरण कोण आणि कधी करतं हे लेखी विचारा, विचारल्याने कोणी नोकरी काढून घेत नाही. आणि थेसिस झाला की त्याचा दोन पानी मराठी सारांश काढून ज्या तालुक्यात काम केलं तिथल्या टीएचओ साहेबांना, पीएचसीच्या डॉक्टरांना स्वतः नेऊन द्या. एक तर ते त्यांचं देणं आहे, आणि दुसरं म्हणजे जिल्ह्यात जागा निघाली की "ते सर्वेवाले पोरगं कुठंय" अशी आठवण तिथेच निघते.